वडिलोपार्जित गुडघे

जेवण झालं, ढेकर झाला, हात धुवायला तांब्याही समोर आला, पण महादेवरावांना पाटावरून उठता येईना.

आधी त्यांना वाटलं, पायाला मुंग्या आल्या असतील. मग त्यांनी डावा हात भिंतीला लावला, उजवा जमिनीला टेकला, देवाचं नाव घेतलं आणि जोर केला. देव काही आला नाही. शेवटी सुभद्राबाईंनी मागून बगलेत हात घालून नवऱ्याला उभं केलं, तेव्हा धोतर जरा वर सरकलं आणि गुडघे दिसले. दोन्ही गुडघे सुजून असे टम्म झाले होते की मांडी कुठं संपली आणि पोटरी कुठं सुरू झाली ते सांगता आलं नसतं.

"आता गं माय!" सुभद्राबाईंनी कपाळाला हात लावला. "हे गुडगे हायेत का भोपये? अन् कवापासून लपवून राह्यले?"

"लपवाचं काय त्यात? थोडीशी सूज हाय. उतरते."

"थोडीशी म्हने! मले तुमाले वखारीतल्या पोत्यावानी उचला लागलं. खा अजून तेल, खा!"

तेलाचं नाव निघालं तसे महादेवराव भिंत सोडून ताठ उभे राहिले. या माणसाचं जेवण म्हणजे काय, तर ज्वारीची भाकर कुस्करायची, तिच्यावर जे काय शिजलं असेल ते घ्यायचं आणि त्याच्यावर करडीच्या कच्च्या तेलाची धार सोडायची. वरण असो, पिठलं असो, मेथी असो, धार पडल्याशिवाय घास गळ्याखाली उतरत नसे. 'चहात तेवढं टाकत नाई, उपकारच समजा,' असं सुभद्राबाई शेजारणीला सांगत. सगळ्या शिवारात सोयाबीन उभं असताना महादेवरावांनी विहिरीकडचा एक पट्टा करडीसाठी राखून ठेवला होता. पेरतानाच मजूर पुढं येणाऱ्या काट्यांना शिव्या घालत आणि काढताना तर विचारूच नका, पण मालकानं हट्ट सोडला नव्हता.

"तेलाले नाव नको ठेवू," ते म्हणाले. "आमच्या घराले तेल पचते. माहा बाप नव्वदी गाठून गेला. रोज तेल खाये अन् पाडव्याले वाटीभर उभ्यानं पिये. कधी त्याचे गुडगे सुजले का? रक्तातच हाय आमच्या!"

हे वाक्य आलं की सुभद्राबाई गप्प बसत. लग्न होऊन आल्यापासून बसत आल्या होत्या. त्या दिवशीही बसल्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला रिक्षात कोंबून मेहकरला घेऊन गेल्या.

मेहकरला डॉक्टर छाया म्हणून एक तरुण मुलगी नुकतीच दवाखाना थाटून बसली होती. गोळीआधी ताटात काय वाढलंय ते विचारायचं, ही तिची पद्धत. त्यामुळे काही पेशंट तिला फार मानत आणि काही परत येत नसत. तिनं गुडघे दाबून पाहिले, वाकवून पाहिले आणि विचारलं, "काका, जेवणात तेल किती घेता?"

"लागते तेवढं," महादेवराव म्हणाले.

"विहिरीले पानी लागते तेवढं," सुभद्राबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या आणि खुर्ची पुढं ओढून समजावू लागल्या. "बघा काका, तेलातेलात फरक असतो. करडी, सोयाबीन, सूर्यफूल यांच्या तेलात एका जातीचं स्निग्ध असतं. जवसात, मासोळीत दुसऱ्या जातीचं. शरीराला दोन्ही हवं. पण पहिल्याचाच मारा झाला आणि दुसरं पोटात गेलंच नाही, तर काही लोकांच्या अंगात सूज आणणारी द्रव्यं जास्त तयार होतात. सगळ्यांच्या नाही हं. ती ठेवण आईवडिलांकडून येते. एकाच ताटात जेवणारे दोघं, एकाला ढिम्म काही होत नाही आणि दुसऱ्याचे सांधे सुजतात. म्हणून विचारते, तुमच्या वडिलांना असा त्रास होता का?"

झालं! महादेवरावांना आयुष्यात इतका आवडता प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि शालिग्रामरावांचं चरित्र सुरू केलं. शालिग्रामराव कसे ऐंशीव्या वर्षी चिंचेवर चढले, कसे बैल हरवला तेव्हा चालत मेहकर गाठून चालत परत आले, कसे जन्मात एकदाही 'पाय दुखते' म्हणाले नाहीत. सुभद्राबाई शेजारी बसून खाकरल्या. महादेवरावांनी चरित्र पुढं चालू ठेवलं. त्या पुन्हा खाकरल्या. तिसऱ्यांदा इतक्या जोरात खाकरल्या की डॉक्टरीणबाईंनी त्यांचा घसा तपासला आणि खोकल्याचं औषध लिहून दिलं.

"वडिलांना एवढं तेल पचलं म्हणजे तुमच्या घरात ती ठेवण दिसत नाही," डॉक्टरीणबाई विचार करत म्हणाल्या. "मग आधी दुसरी कारणं तपासू."

महादेवराव बाहेर आले ते वरात निघाल्यासारखे. "ऐकलं का? तेलाचा काई दोष नाई. डॉक्टरीनबाई सोता म्हनल्या."

"ऐकलं," सुभद्राबाई खोकल्याच्या बाटलीकडं पाहत म्हणाल्या.

मग दुसऱ्या कारणांचा शोध सुरू झाला. रक्त तपासलं, त्यात काही सापडेना. बुलढाण्याला जाऊन गुडघ्यांचे फोटो काढले, तर वयाच्या मानानं हाडं नामी निघाली. डासांचा ताप येऊन गेला असेल म्हणून तीही तपासणी झाली. खाट बदलली. चपला बदलल्या. गावानंही हातभार लावला. कोणी म्हणालं वांगी सोडा, कोणी म्हणालं गुडघ्याला एरंडाचं पान बांधा, एकानं तर दक्षिणेकडं पाय करून झोपता का म्हणून विचारलं. महादेवरावांनी सगळं निमूट केलं. फक्त एक गोष्ट दुप्पट झाली. डॉक्टरनंच तेलाला निर्दोष सोडल्यावर धार आखडती घ्यायचं काही कारण उरलं नव्हतं.

गुडघे काही उतरेनात. उलट महादेवरावांना आता बसलं की उठता येईना आणि उठलं की बसता येईना, त्यामुळे ते बराच वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभे राहू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, कोणाची तरी वाट पाहत आहेत.

"काका, तुमच्या गुडघ्यांनी माझी झोप उडवलीय," डॉक्टरीणबाई एक दिवस म्हणाल्या. त्यांचा चेहराच उतरला होता. "मी नागपूरला आमच्या सरांना फोन केला होता. ते म्हणाले, पेशंटला इकडे पाठवा. गुडघ्यात सुई घालून पाणी काढू आणि ते तपासू."

"किती मोठी सुई?" सुभद्राबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी बोटांनी दाखवलं. सुभद्राबाईंनी ते माप पाहिलं, नवऱ्याच्या पांढऱ्या पडलेल्या तोंडाकडं पाहिलं, आणि इतकी वर्षं धरून ठेवलेला बांध फुटला.

"मॅडम, नका पाठवू नागपूरले! हे ज्या बापाचं सांगून राह्यले ना, तो यांचा बाप नाई! म्हंजे बापच हाय, पन जन्माचा नाई. हे दत्तक हायेत. जन्म दुसरबीडचा हाय यांचा!"

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "काका? हे आधी का नाही सांगितलं?"

महादेवराव खाली पाहत म्हणाले, "तुमी बापाचं विचारलं. मी बापाचं सांगतलं."

त्यात खोटं काहीच नव्हतं. या माणसानं डॉक्टरला फसवायला म्हणून काही सांगितलं नव्हतं. 'वडील' म्हटलं की त्यांना एकच माणूस आठवे, तर ते तरी काय करणार?

परतताना ते रिक्षात तोंड फिरवून बसले. सुभद्राबाईंनी पाण्याची बाटली पुढं केली, ती घेतली नाही. घरी आल्यावर चौकटीला टेकून उभे राहिले, तेही पाठ करून. आपण काय बोलून बसलो ते सुभद्राबाईंना चांगलं ठाऊक होतं.

शालिग्रामरावांना मूल नव्हतं. त्यांच्या लांबच्या नात्यातलं एक कुटुंब दुसरबीडला होतं, घरात पोरं भरपूर आणि जमीन बेताची. तिथला धाकटा मुलगा, नऊ वर्षांचा महादेव, त्यांनी दत्तक घेतला. भाऊबंदांना ते रुचलं नाही. शालिग्रामरावांच्या घराण्यात गुढीपाडव्याला एक रीत होती. नव्या करडीचं पहिलं तेल घरधन्यानं आणि त्याच्या वारसानं एकेक वाटी उभ्यानं प्यायचं, मग गोवऱ्यांवर भाजलेल्या जाडजूड रोडग्यांची पंगत बसायची. याला तेलाचा मान म्हणत. त्या पाडव्याला शालिग्रामरावांचा चुलतभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "बाहेरच्या पोराले आपलं तेल पचत नसते. पाजून पाहा, ओकते का नाई!" सगळे हसले. दुसरबीडहून आलेलं ते पोर, अजून 'मले, तुले'ऐवजी 'मला, तुला' बोलणारं, म्हणून पोरांनी चिडवलेलं, उठून उभं राहिलं. त्यानं वाटी दोन्ही हातांत धरली, डोळे मिटले आणि थेंब न ठेवता पिऊन टाकली. शालिग्रामरावांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि अंगणभर फिरवलं. "पाहा रे! माहाच हाय का नाई?"

रात्री ते पोर गोठ्याच्या मागं जाऊन पोटातलं सगळं ओकलं, आणि कोणाला कळू नये म्हणून त्यावर माती लोटून आलं. पण त्या खांद्यावरून जे गाव दिसलं होतं, ते महादेवराव कधी विसरले नाहीत. तेव्हापासून ताटात तेलाची धार पडू लागली ती पडूच लागली. जितकं तेल, तितका मी या घरचा. आता कोणी उठून म्हणत होतं की हे तेलच तुमच्या रक्ताला मानवत नाही.

डॉक्टरीणबाईंनी जन्मघरी चौकशी करायलाच सांगितलं होतं. म्हणून चार दिवसांनी दोघं एसटीनं दुसरबीडला गेली. महादेवरावांचे थोरले भाऊ दयाराम ओट्यावर बसले होते. भावाला पाहून ते हरखले आणि उठायला गेले. डावा हात भिंतीला लावला, उजवा जमिनीला टेकला, "आई गं" म्हणाले आणि तोंड वाकडं करून उभे राहिले.

सुभद्राबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. नवरा दुसरीकडं पाहू लागला.

"कामून रे, लंगडायलास?" दयाराम म्हणाले. सुभद्राबाईंनी गुडघ्यांचं सांगितलं. "अरे, मला सांगायचं ना आधी! तुझ्यासारखाच भोपळा झाला होता माझा. आपल्या वडलांचेही शेवटी असेच होते. जालन्याच्या डॉक्टरनं वरचं तेल बंद केलं. आता तुझी वहिनी सकाळ-संध्याकाळ जवसाची चटणी खाऊ घालती. पहिल्यापेक्षा पुष्कळ बरंय. सवयीनं कण्हतो तेवढं."

वहिनींनी जेवायला वाढलं. ताटात जवसाची चटणी होती, तेलाचा ठिपका नव्हता. दोघं भाऊ शेजारी बसले, एकाच पद्धतीनं भाकर मोडली, एकाच बाजूनं चावू लागले. जेवण झाल्यावर दोघांनी एकदमच भिंतीला हात लावला आणि एकदमच "आई गं" म्हणाले. वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. दयारामांनाही हसू आलं. त्यांनी भावाच्या पाठीवर थाप मारली. "काही म्हण महादेवा, किती लांब गेलास तरी रक्त ते रक्त!"

त्यांनी मायेनंच म्हटलं होतं. महादेवराव हसलेही. पण परतीच्या गाडीत खिडकीबाहेर पाहत त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, आणि धूळ गेली म्हणाले. काच बंद होती. सुभद्राबाईंनी त्यांचा हात हातात घेतला.

डॉक्टरीणबाईंचं कोडं सुटलं. त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी फोनवरच नागपूरची सुई रद्द केली. "तेल एकटंच कारण नसेल, काका. वय आहे, वजन आहे. पण तुमच्या घरची ठेवण बघता वरचं तेल बंदच. जवस सुरू करा. आणि ते पाडव्याचं वाटीभर तेल वगैरे मुळीच नाही हं!"

पाडवा आठवड्यावर आला होता.

"यंदा मान घेऊ नका," सुभद्राबाई म्हणाल्या. "सांगून टाका, डॉक्टरनं नाई म्हटलं."

"कोनाले सांगू? रामरावले?" रामराव म्हणजे त्या वेळी टोमणा मारणाऱ्या चुलत्याचा मुलगा. जीभ बापाचीच घेतली होती. "बा गेल्यावर मी एकटा तो मान घेतो. मी वाटी खाली ठेवली की तो काय म्हनंल, तुले सांगाले पायजे का? म्हनंल, शेवटी बाहेरचं ते बाहेरचंच. बाचं नाव जाईन."

"मंग मी वाटीत हयदीचं पानी देतो. रंग तोच. कोनाले कयते?"

महादेवराव असे पाहत राहिले की जणू बायकोनं देव बदलायला सांगितलं होतं. "बाच्या मानात भेसळ करू?"

हे आपल्यानं होणं नाही, हे सुभद्राबाईंनी ओळखलं आणि माणसं जमवायला घेतली. डॉक्टरीणबाईंना रोडग्याचं आमंत्रण दिलं, कारण काही झालं तर डॉक्टर हाताशी असावा. आणि गोजरआत्यांना आणायला गाडी पाठवली. गोजरबाई म्हणजे शालिग्रामरावांची धाकटी बहीण. पूर्वी दर पाडव्याला त्या न चुकता माहेरी येत. भाऊ गेल्यावर यायच्या बंद झाल्या. लोक म्हणत, भाऊ गेला अन् माहेरची गोडी गेली. महादेवरावांचा त्यांच्यावर जीव होता. त्या 'नको पिऊ' म्हणाल्या तर ते ऐकतील, एवढीच सुभद्राबाईंची आशा होती.

पाडव्याला अंगणात गोवऱ्यांचा आर पेटला, रोडगे भाजायला पडले, वांग्याची भाजी रटरटू लागली. भाऊबंद जमले. गोजरआत्या बाजेवर टेकून बसल्या, त्यांच्या शेजारी डॉक्टरीणबाई. लाकडी घाण्याचं नवं पिवळंजर्द तेल पितळी वाटीत काठोकाठ भरून देवापुढं ठेवलं होतं. महादेवराव शेजारच्या पाटावर बसले होते, पण तिकडं पाहत नव्हते.

"काय महादेवराव," रामराव सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "यंदा तेल बंद हाय म्हनते? जवस खाऊन राह्यले म्हने, दुसरबीडवानी?"

महादेवरावांचं तोंड लाल झालं. त्यांनी वाटी उचलली.

"अहो!" सुभद्राबाई ओरडल्या.

"काका, नको!" डॉक्टरीणबाई उठल्या.

"कोनी मधात बोलू नका," महादेवराव म्हणाले. "शालिग्रामरावांचा पोरगा हावो मी. उभ्यानं पेतो."

पण उभं तर राहायला हवं ना! त्यांनी जोर केला, अर्धे उठले, गुडघ्यांनी साफ नकार दिला आणि महादेवराव धप्पकन खाली बसले. अर्धं तेल अंगरख्यावर आलं, धोतर मांडीपर्यंत वर गेलं आणि सूज आलेले दोन्ही गुडघे सगळ्या भाऊबंदांसमोर उघडे पडले. महादेवरावांनी डोळे मिटून घेतले. ज्या दिवसाला ते जन्मभर भीत आले होते, तो आला होता.

तेवढ्यात बाजेवरून हसण्याचा आवाज आला.

गोजरआत्या चष्मा नाकावर घट्ट बसवून पुढं वाकल्या होत्या आणि हसत होत्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अरे देवा! हा तं शालिग्रामच बसला की रे इथं! हेच गुडगे! असेच टम्म! किती वरसं चोयले मी हे!"

महादेवरावांनी डोळे उघडले. "आत्या, काय बोलून राह्यली? बाचे गुडगे कधी सुजले?"

"दर पाडव्याले सुजत. तेल कुठं पचे त्याले? वाटी पोटात गेली, पंगत उठली, की मागच्या खोलीत कडी लावून पडे. मी निरगुडीचा पाला कढवून रातभर शेकत बसो. तोंडात उशीचा कोपरा धरे, पन हूं नाई की चूं नाई. लोक म्हनत, गोजरी रोडगे खाले माहेरी येते. काऊन बाप्पा, माह्या सासरी गोवऱ्या नव्हत्या का?"

रामरावांच्या हातातला पाण्याचा गडवा तसाच राहिला.

"मंग पिये काऊन?" महादेवरावांचा आवाज बारीक झाला.

"तुह्यापायी!" गोजरआत्या म्हणाल्या. "ही वाटी बंद करतो म्हून त्यानं ठरवलंच होतं. त्याच वरशी तू आला. एवढुसं लेकरू, डोये मिटून सारं तेल पेलं, अन् त्याच्या तोंडाकडे पाहून हासलं. त्या राती मले म्हने, गोजरे, आता मी कसा सोडू? माह्यासाठी पेलं ते पोर. मी मांगं सरलो तं लोक म्हनतील, बाप-लेकाचं काई जुयत नाई. मंग काय, तुह्या ताटात तेल पडलं की तोही मांगे. तू म्हनशील, बा आज तेल नाई घेत, परका समजते का काय मले, म्हून."

महादेवराव ऐकत होते. इतकी वर्षं दोघं एकमेकांशेजारी बसून जेवले होते. दोघांनाही ते तेल नको होतं. एकानं धार सोडली की दुसरा सोडी, आणि दर पाडव्याच्या रात्री बाप मागच्या खोलीत उशी चावत पडे आणि लेक पुढच्या खोलीत पांघरुणात पोट धरून. मधली भिंत तर साधी मातीची होती. एकानं जरी कण्हून दाखवलं असतं तरी दुसऱ्यानं हुश्श म्हटलं असतं.

"वेडा होता माहा बा," महादेवराव म्हणाले, आणि लहान पोरासारखे ढसाढसा रडू लागले. सुभद्राबाई धावत जाऊन जवळ बसल्या आणि पदरानं त्यांचं तोंड, त्यांचा तेलकट अंगरखा, जे हाताला येईल ते पुसू लागल्या. गोजरआत्यांनी वाटीतलं उरलेलं तेल कोणाला न विचारता देवापुढच्या दिव्यात ओतून टाकलं.

रडता रडता महादेवराव मध्येच थांबले. काहीतरी लखकन डोक्यात आल्यासारखे ते बसल्या जागी स्वतःच्या गुडघ्यांकडं पाहू लागले. एकदा डाव्याकडं, एकदा उजव्याकडं. हळूहळू त्यांचं तोंड असं उजळलं की विचारता सोय नाही.

"म्हंजे आत्या, हे बाचे गुडगे हायेत?"

"हुबेहूब!"

"सुभद्रे, धर मले! उठव!"

सुभद्राबाईंनी बगलेत हात घालून त्यांना उभं केलं. महादेवरावांनी दोन्ही हातांनी धोतर वर धरलं आणि लंगडत लंगडत थेट रामरावांपुढं जाऊन उभे राहिले. "पाह्य रामराव. नीट पाह्य. हात लावून पाह्य!"

"काका, एक मिनिट," डॉक्टरीणबाईंना राहवलं नाही. "सूज सारखी असली तरी दत्तक मुलामध्ये वडिलांची ठेवण येणं शास्त्राप्रमाणे..."

सुभद्राबाईंनी तूप घातलेला गरम रोडगा त्यांच्या हातावर ठेवला. "तुमी जेवा, मॅडम. निवून राह्यला."

डॉक्टरीणबाईंनी एकदा रोडग्याकडं पाहिलं, एकदा महादेवरावांकडं, आणि शास्त्र गिळून रोडगा खायला घेतला.

रामराव खाली वाकले. त्यांनी सुजलेल्या गुडघ्यावर हळूच तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मग वर न पाहता म्हणाले, "हाव रे दादा. काकाचेच हायेत."

इतक्या वर्षांत रामरावांनी त्यांना पहिल्यांदा दादा म्हटलं होतं. महादेवरावांनी नाक ओढलं, धोतर आणखी वीतभर वर घेतलं आणि पंगतीत पुढच्या माणसाकडं वळले.

"अहो, धोतर खाली सोडा!" सुभद्राबाई मागून ओरडत होत्या. "बायामानसं बसली हायेत, लाज हाय का नाई?"

"राहू दे," महादेवराव पुढं जात म्हणाले. "साऱ्यायले पाहू दे."